काटेभाऊंची जड लेन्स

डांबरी रस्ता ट्रकांच्या ओझ्याने मधोमध खचून जिथे पन्हळीसारखा झाला होता, तिथे एक भुईकाटा होता. जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, त्यावर ट्रक उभा राहायचा आणि शेजारच्या खोलीत काचेमागे बसलेला माणूस त्याचं वजन सांगायचा. आधी भरलेल्या ट्रकचं, मग रिकाम्याचं. मधला जो फरक, तो माल. काचेमागच्या त्या माणसाला सगळे काटेभाऊ म्हणत.

काटेभाऊंचा जन्म गेला त्या खोलीत. एक टेबल, एक पंखा, लाल आकडे दाखवणारा डबा आणि एक खिडकी. खिडकीतून ट्रकचं फक्त चाक दिसायचं. ड्रायव्हरचं तोंड बघायचं तर वाकून, मान वाकडी करून वर बघावं लागे, आणि काटेभाऊंना वाकायची सवय नव्हती. ते चाकाशीच बोलत. टायर किती दबला आहे हे बघून, डब्यावर आकडा उमटायच्या आत वजन पुटपुटत. बरोबर आलं की मान हलवत. चुकलं की डब्याकडे संशयाने बघत.

होता होता ही विद्या डोळ्यांतून तळहातात उतरली. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी काटेभाऊंच्या तळहातावर जायची. कुलूप, चप्पल, साबणाची वडी, मुलीचं भूगोलाचं पुस्तक. मग डोळे मिटायचे, ओठांचा चंबू व्हायचा, हात दोनदा सावकाश वरखाली व्हायचा आणि निकाल लागायचा. निकाल दोनच होते. एक ‘माल आहे’ आणि दुसरा ‘हवा आहे’. अपील नव्हतं.

मुलगी जन्मली तेव्हा नर्सने बाळ त्यांच्या हातात दिलं. अशा वेळी कुणी बाप रडतो, कुणी आईला फोन लावतो. काटेभाऊंनी डोळे मिटले.

“पावणेतीनला किंचित कमी,” ते म्हणाले.

नर्सने बाळ काट्यावर ठेवलं. तेवढंच भरलं. पलंगावर पडल्या पडल्या बायको म्हणाली, “आता पावतीपण फाडा.”

माणसांनाही त्यांनी याच दोन खणांत टाकलं होतं. सासरे माल होते. कोर्टात शिरस्तेदार म्हणून जन्म काढलेला तो माणूस घरातही निकाल वाचल्यासारखा बोलायचा. फोटोत तर ते असे उभे राहत, की समोर कॅमेरा नसून उलटतपासणी घेणारा वकील आहे. आणि मेव्हणा हवा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ फोनवरून विम्यापासून गाद्यांपर्यंत काहीही विकायचा. अंगाने काडी, बोलण्यात लाही. त्याच्या फोनच्या पाठीवर तीन डोळे होते, आणि सासुरवाडीला जे काही फोटो निघत ते त्या तीन डोळ्यांनीच निघत.

“भावजी, जरा आत सरका. अजून आत. हां, बास,” असं म्हणत तो काटेभाऊंना जिथे उभं करायचा, तिथे नेमका फोटो संपायचा. सासुरवाडीच्या बाहेरच्या खोलीत मोठी चौकट लावलेली होती, तिच्यात सगळं घर होतं आणि उजव्या कडेला एक कोपर होतं. ते कोपर काटेभाऊंचं, हे घरातल्यांना सांगावं लागत नसे. पाहुण्यांना मात्र सांगावं लागे आणि मेव्हणा ते हौसेने सांगे.

तर झालं असं, की सासऱ्यांनी बाहेरच्या खोलीला रंग दिला. भिंती पांढऱ्या झाल्या. जुनी चौकट उतरवली तेव्हा मागून वाळवीने खाल्लेली निघाली. भिंतीवर उरला एक खिळा. सासऱ्यांनी त्या खिळ्याकडे बघत ठरवलं, की सगळ्यांनी जमायचं, नवा फोटो काढायचा, तो इथे लावायचा.

“काढतो की,” मेव्हणा म्हणाला.

“या वेळी मी काढतो,” काटेभाऊ म्हणाले.

सासूबाईंनी काटेभाऊंच्या बायकोकडे बघितलं, तिने छताकडे बघितलं.

“कशाने, भावजी?” मेव्हण्याने विचारलं. “भुईकाट्याने?”

सासऱ्यांनी हात वर केला. “दोघंही काढा. जो बरा येईल तो खिळ्यावर. वाद नको.”

घराचा एक जावई इतकी वर्षं एका कोपरावर राहिला होता. आता सबंध भिंत त्याच्या हातात यायची होती. काटेभाऊंची झोप उडाली. कॅमेरा घ्यायचा, तो मोठ्यांचा घ्यायचा, डीएसएलआर का काय म्हणतात तो, हे त्यांनी परत येताना बसमध्येच ठरवून टाकलं.

जाणकार म्हणून ओळखीत एकच माणूस होता. तो रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. त्याच्याकडे पाच लेन्स होत्या आणि आयुष्यात काढलेला एक फोटो होता. विजेच्या तारेवर बसलेल्या खंड्या पक्ष्याचा. तोच फोटो त्याने प्रयोगशाळेत लावला होता, फोनवर लावला होता, घराच्या दारावर लावला होता, त्यामुळे लोक त्यालाच खंड्या म्हणू लागले होते. पुढे एकही पाखरू त्याच्या वाट्याला आलं नाही, कारण पाखरू बसलं की हा लेन्स बदलायला घ्यायचा आणि लेन्स बदलून होईतो पाखरू उडालेलं असायचं.

“कॅमेरा कुठलाही घ्या,” खंड्या लोकांच्या रक्ताच्या नळ्या हलवत म्हणाला. “कॅमेरा म्हणजे नुसता डबा. खरा जीव लेन्समध्ये. सोबत मिळते ती लेन्स लावून चारचौघांत जाणं म्हणजे साहेबाच्या घरी बनियनवर जाणं.”

“मग कुठली घ्यावी?”

“ते तुमच्या दृष्टीवर आहे,” खंड्या म्हणाला. मग त्याने आकडे सांगायला सुरुवात केली. अठरा-पंचावन्न, पन्नास, पंच्याऐंशी, सत्तर-तीनशे. काटेभाऊ ऐकत राहिले. आकड्यांशी त्यांचा जन्माचा संबंध होता, पण ते आकडे कशाचे हे विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि खंड्याला सांगायचं सुचलं नाही. मोठा आकडा म्हणजे मोठा माल, एवढी गाठ पदरात बांधून ते निघाले.

दुकान थंड होतं. काचेच्या कपाटांत लेन्स मांडलेल्या होत्या, काळ्या, मुक्या, एका डोळ्याच्या राक्षसांसारख्या. काउंटरवर एक मुलगी होती. तिने रीतीचा प्रश्न विचारला.

“काका, फोटो कशाचे काढायचे आहेत?”

“ते नंतर बघू. आधी लेन्स दाखवा.”

“तसं नाही. माणसांचे असतील तर वेगळी लागते, पाखरांचे असतील तर वेगळी, डोंगर-बिंगर असतील तर...”

“तुम्ही माल दाखवा. काय काढायचं ते माझं मी ठरवीन.”

मुलीने कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स पुढे ठेवली. “घरातले फोटो, सहलीचे, चारचौघांचे, सगळं हिच्यात होतं. बहुतेक लोक पहिल्यांदा हीच वापरतात.”

काटेभाऊंनी ती तळहातावर घेतली. डोळे मिटले. ओठांचा चंबू झाला. हात दोनदा वरखाली झाला. मुलीला वाटलं, काकांना चक्कर येतेय. तिने खुर्ची पुढे केली.

“हवा आहे,” काटेभाऊ म्हणाले.

“एसी वाढवू?”

“हिच्यात हवा आहे. आणि सोबत येणारा माल मी घेत नाही. चांगली वस्तू कुणी कुणाच्या सोबतीला पाठवत नसतं.”

मुलीने दुसरी काढली. “मग ही पन्नासची. माणसांचे चेहरे फार सुरेख येतात. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. आणि खिशातही मावते.”

ती होती सुपारीच्या डबीएवढी. काटेभाऊंनी हात पुढेच केला नाही. नुसती बघून म्हणाले, “झाकण दाखवलंत. आता डबा दाखवा.”

मुलगी त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली. दुकानात रोज शंभर तऱ्हेचं गिऱ्हाईक येतं. कुणी रंग बघून लेन्स घेतं, कुणी शेजाऱ्याची बघून घेतं, कुणी डब्यावरचा वाघ बघून घेतं. पण पालेभाजीसारखी वजनावर घेणारा तिने पहिल्यांदाच पाहिला. ती मागच्या खोलीत गेली आणि जी वस्तू घेऊन आली ती तिला दोन्ही हातांनी आणावी लागली. नळकांडं म्हणावं तर नळकांडं, तोफ म्हणावं तर तोफ. तिला स्वतःचा एक लोखंडी पाय होता, उभं राहायला.

“दीडशे-सहाशे,” मुलगी म्हणाली.

काटेभाऊंनी ती घेतली. एक हात पुरेना म्हणून दुसरा लावला. डोळे मिटले. मनगटापासून कोपरापर्यंत एक गोड कळ चढत गेली. भरलेला ट्रक काट्यावर येतो तेव्हा पाट जसा खोल हुंकार देतो, तसा हुंकार त्यांच्या छातीत उठला.

“माल आहे,” ते हळूच म्हणाले.

“पण काका, हिच्यातून जवळचं नाही येत हं. खोलीतल्या माणसांचा फोटो नाही निघणार. सगळी मंडळी एकत्र घ्यायची तर लांब जावं लागेल.”

“किती लांब?”

“बरंच.”

“लांब जायला मी भीत नाही,” काटेभाऊ म्हणाले. घर, भुईकाटा आणि सासुरवाडी, यापलीकडे ते आजवर कुठे गेले नव्हते. मुलीने पुन्हा काही सांगितलं नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी खड्ड्याकडे निघालं असेल, तर दुकानदाराने एकदा हाक मारावी. दुसऱ्यांदा आडवं पडण्याचा पगार त्याला मिळत नाही.

घरी पेटी उघडली. बायको, मुलगी भोवती बसल्या. काटेभाऊंनी कॅमेऱ्याला लेन्स लावली. लावली म्हणजे लेन्सला कॅमेरा लावला, कारण तो तिच्या बुडाशी मुंगळ्यासारखा चिकटलेला दिसत होता.

“नाकापेक्षा मोती जड,” बायको म्हणाली. “बरं, माझा काढा बघू एक.”

काटेभाऊंनी डोळा लावला. लेन्स गुरगुरली, पुढे गेली, मागे आली, पुन्हा गुरगुरली. समोर नुसतं धुकं.

“मागे जा, बाबा,” मुलगी म्हणाली.

काटेभाऊ मागे सरकले. भिंतीला टेकले. मग दारातून मागच्या खोलीत गेले, तिथून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर.

“बाबा, तुम्ही शेजाऱ्यांच्या अंगणात आहात.”

“दिसतंय. हलू नका.”

खटका वाजला. बायकोने तिथूनच विचारलं, “आला का माझा फोटो?”

काटेभाऊंनी बराच वेळ पडद्यावर बघितलं. “भुवई आली,” ते म्हणाले. “छान आली.”

पण हार मानणाऱ्यातले ते नव्हते. दोन्ही पायांवर धोंडा पडला तरी ‘धोंडा वजनदार होता’ असं सांगणारा हा माणूस. ते लेन्स घेऊन गच्चीवर जाऊ लागले आणि लांबचं जग आपल्या अंगणात ओढू लागले. पाण्याच्या टाकीवरचा गंज. कुणाच्या तरी दोरीवरच्या बनियनचं भोक. बसची वाट बघत उभ्या असलेल्या परक्या माणसाचं मनगट.

“त्याच्या घड्याळात किती वाजलेत तेसुद्धा दिसतंय,” त्यांनी वरून बायकोला सांगितलं.

“आपल्या घड्याळात दिसत नाही का?” खालून उत्तर आलं.

फोटोचा दिवस उजाडला. ऊन कोवळं होतं, सासुरवाडीच्या पायऱ्यांवर ते हळदीसारखं पसरलं होतं. सगळे नीटनेटके होऊन पायऱ्यांवर उभे राहिले. मधोमध सासरे, शेजारी सासूबाई, मग काटेभाऊंची बायको, मुलगी, मेव्हण्याची बायको आणि त्याची दोन चुलत भावंडं. मेव्हण्याने समोर जाऊन फोन फाटकावर टेकवला, “बघा इकडे,” म्हणाला, बोट टेकवलं. झालं. तो परत येऊन आपल्या जागी उभाही राहिला. फोनला थोडं थांबून खटका दाबायला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे फोटोत तोही आला. फोटो चांगला होता. सगळे सरळ, सगळे स्वच्छ, सगळ्यांच्या चेहऱ्यावर बँकेच्या रांगेतला भाव.

“आता भावजी,” तो म्हणाला, आणि फाटक उघडून धरलं. “या तुम्ही. सावकाश जा.”

काटेभाऊ निघाले. फाटकाबाहेर गेले, वळून डोळा लावला. दोन नाकं आली. रस्ता ओलांडला, वळून बघितलं. सासरे तेवढे आले. पलीकडे ट्रक उभे करायची मोकळी जागा होती, तीही मागे चालत ओलांडली. एका टायरला अडखळले, सावरले, लेन्स आधी सांभाळली, मग स्वतःला. तरी बायको आत घेतली की सासूबाई बाहेर जायच्या, सासूबाई घेतल्या की चुलत भावंडं जायची. शेवटी मागे इमारत आली. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता आणि त्याला गॅलरी होती. काटेभाऊ जिना चढले.

गॅलरीत गालाला रुमाल बांधलेला एक पेशंट नंबराची वाट बघत बसला होता. त्याने तोफ बघितली.

“कुणावर नजर ठेवताय?” तो सुजल्या तोंडाने म्हणाला.

“सासुरवाडीचा फोटो काढतोय.”

“मग तिकडे जाऊन काढा की.”

“तिकडून येत नाही.”

“आणि इकडून येतो?”

“इकडूनच येतो.”

पेशंटने थोडा विचार केला. आपलं दुखणं दाताचं आहे की डोक्यात गेलंय, अशी शंका आल्यासारखा तो गालावरचा रुमाल चाचपू लागला.

काटेभाऊंनी कठड्यावर लेन्स टेकवली. आणि काय सांगावं, सगळे आले. पायऱ्या, दार, माणसं, डावीउजवीकडे बोटबोट मोकळी जागा. त्यांनी मेव्हण्याला फोन लावला.

“सगळ्यांना सांग, हलू नका.”

“कुठे आहात, भावजी? आम्हाला दिसत नाही तुम्ही.”

“दिसायची गरज नाही. मला दिसताय तुम्ही. नुसतं उभं राहा.”

फोन खाली ठेवला. पण रस्ता तो रस्ता. एक ट्रक आला, मग दुसरा, मग गवताच्या पेंढ्या भरलेला तिसरा, सगळी सासुरवाडी झाकून टाकणारा. काटेभाऊंनी सवयीने त्याचं वजन पुटपुटलं. ट्रक गेला तो सासऱ्यांनी डोळे मिटलेले. पुन्हा ट्रक. तेवढ्यात एक फोटो मिळाला, पण त्यात सगळे लाकडाच्या बाहुल्यांसारखे, आणि सासरे फाशीची शिक्षा ऐकवताना दिसावेत तसे. काटेभाऊंनी वाट बघायची ठरवली.

तिकडे पायऱ्यांवरच्या माणसांना मात्र किती वेळ उभं राहायचं, कुणासमोर उभं राहायचं, काहीच कळेना. समोर कॅमेरा नाही, माणूस नाही. नुसता रस्ता. मंडळी सैल पडली. मेव्हणा काहीतरी बोलला. काटेभाऊंना ऐकू आलं नाही. त्यांनी लेन्सचं कडं फिरवलं आणि सगळं घर सरसर पुढे आलं, इतकं पुढे की समोर फक्त बायको उरली.

तिने मेव्हण्याचा फोन मागून घेतला होता. तो तळहातावर ठेवला. डोळे मिटले. ओठांचा चंबू केला.

काटेभाऊंचा डोळा तिथेच गोठला.

तिने हात एकदा वर नेला, सावकाश खाली आणला. पुन्हा वर नेला. मान किंचित डावीकडे कलली. करंगळी इतर बोटांपासून सुटून अलगद वर उभी राहिली, चोखंदळ माणूस कप धरताना राहते तशी. मग तिने डोळे उघडले, मेव्हण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि ओठांनी दोन शब्द उच्चारले. ते ऐकू यायची गरज नव्हती. हवा आहे.

काटेभाऊंना आधी राग आला. मग त्यांचं लक्ष करंगळीकडे गेलं. वजन करताना आपली करंगळी वर जाते हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. मान डावीकडे कलते हेही नव्हतं. चाकावरून ट्रक ओळखणारा हा माणूस स्वतःच्या घरात इतकी वर्षं कुणाच्या तरी काचेसमोर उभा होता, आणि काचेमागच्या त्या बाईने त्याचा एकेक स्नायू मापून ठेवला होता. तिचा चेहरा त्यांनी इतक्या जवळून कित्येक वर्षांत बघितला नव्हता. डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा होत्या. आनंदाने त्या पंख्यासारख्या उघडल्या होत्या.

त्यांनी कडं मागे फिरवलं. पायऱ्यांवर नुसता धुमाकूळ होता. मुलगी पोट धरून खाली बसली होती. मेव्हणा चुलत भावाच्या खांद्यावर पडला होता. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. आणि मधोमध सासरे, तो निकाल वाचणारा माणूस, मान मागे टाकून, वरच्या ओळीतले सगळे दात दाखवत हसत होते. रस्ता मोकळा होता. ऊन जागच्या जागी होतं.

काटेभाऊंनी खटका दाबला.

पडद्यावर बघितलं तर असा फोटो, की त्यातून आवाज यावा. एकही माणूस चौकटीबाहेर गेला नव्हता. काटेभाऊ बाकावर बसले. शेजारी पुसायचं बटण होतं, त्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. हा पुसायचा आणि तो लाकडी बाहुल्यांचा दाखवायचा, की उलटं करायचं? उलटं केलं तर आपली टिंगल आपल्याच हाताने भिंतीवर चढते. पुसला तर खिळ्यावर मेव्हण्याचा फोटो जातो.

रुमालवाल्याने मान पुढे केली. “वा,” तो म्हणाला. “एवढं खूश घर मी पाहिलं नाही. कशाला हसतायत?”

“आहे एक,” काटेभाऊ म्हणाले आणि उठले. उगाच मोठेपणा त्यांच्या माथी मारायला नको. क्षमा वगैरे काही त्यांनी केली नव्हती. अपमान गिळता येतो, एवढंच. खिळा सोडवत नाही.

सासुरवाडीला परत येऊन त्यांनी कॅमेरा सासऱ्यांच्या हातात दिला. सासऱ्यांनी चष्मा लावला.

“हा मी?”

“तुम्हीच.”

सासूबाई वाकल्या. “अगं बाई. हे दात मी आज पहिल्यांदा बघतेय.”

मेव्हण्याचा फोन कुणी मागितला नाही. सासऱ्यांनी लगेच निकाल दिला, हाच भिंतीवर. मग सवयीप्रमाणे त्यांना खुलासा हवा झाला. “पण आपण हसत कशाला होतो?”

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मुलीला एकदम पायातल्या चपलेत काहीतरी सापडलं. मेव्हण्याने घसा खाकरला.

“भावजी, तिथून... म्हणजे तुम्हाला ऐकू वगैरे काही येत नसेल ना?”

“ऐकू येत नाही,” काटेभाऊ म्हणाले. त्यांनी लेन्सचं झाकण लावलं, कापडाने काच पुसली, सगळं सावकाश. “बाकी सगळं येतं.” मग सासऱ्यांकडे वळून म्हणाले, “मी हसवलं.”

हे खोटं आहे असं म्हणायला कुणाला तोंड होतं? सगळ्यांनी माना डोलावल्या. मेव्हण्याने सगळ्यात जास्त.

परत येताना बसमध्ये लेन्स दोघांच्या मधे बसली होती, तिच्यासाठी जागा धरल्यासारखी. बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग तिकडेच बघत तिने विचारलं,

“करंगळी दिसली?”

“दिसली.”

“बरोबर होती?”

काटेभाऊंनी विचार केला. खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं, पण मापाच्या बाबतीत त्यांना ते जमत नसे.

“जरा जास्त वर गेली,” ते म्हणाले.

“मुळीच नाही,” बायको म्हणाली. “तेवढीच जाते. मी रोज बघते.”

दुसऱ्या दिवसापासून तळहात बिघडला. वस्तू हातावर आली की काटेभाऊंचं ध्यान करंगळीकडे जायचं. ती खाली दाबली की मान हट्टाने कलायची. मान सरळ केली की ओठ काय करतायत याची काळजी लागायची. एवढ्या सगळ्यांवर पहारा ठेवता ठेवता वजन निसटून जायचं. साबणाची वडी चुकली. कुलूप चुकलं. मुलीने नवे बूट पुढे केले तर ते हात पाठीमागे नेऊन म्हणाले, “ठेव तिकडे. बूट म्हणजे बूट, त्याचं वजन काय करायचंय.” भुईकाट्यावर लाल आकडे होते म्हणून नोकरी टिकली.

मुलगी मधून मधून म्हणते, बाबा, ती लहान लेन्स आणू या, घरातले फोटो काढता येतील. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

पण सासुरवाडीला गेलं की काटेभाऊ वेगळे असतात. बाहेरच्या खोलीत मोठी चौकट आहे, भिंत भरून. येणारा पाहुणा आधी तिच्याकडे बघतो, त्याच्याही चेहऱ्यावर हसू फुटतं, मग तो विचारतोच, फोटो कुणी काढला. मेव्हण्याला उठून उभं राहावं लागतं आणि सांगावं लागतं, आमच्या भावजींनी. समोरच्या त्या दवाखान्याच्या गॅलरीतून.

परवा एक पाहुणा गॅलरी बघायला मुद्दाम पायऱ्यांपर्यंत जाऊन आला. “एवढ्या लांबून?” तो म्हणाला. “आणि तिथून एवढं हसवलंत?”

काटेभाऊ खुर्चीत रेलून बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आतल्या दारात बायको पाण्याचे पेले घेऊन उभी होती आणि त्यांच्याकडे बघत होती.

“त्याला लेन्स दमदार लागते,” ते म्हणाले.